काळ्या दोऱ्याचे सहा पट्टे

आमच्या मोठ्या जाऊबाईंना अख्खा कारखाना भागूबाई म्हणतो. मागून नाही, चांगलं तोंडावर. आणि बाई आहेतच तशा भित्र्या. स्टुलावर चढायचं म्हटलं तर खाली दोघींनी स्टूल धरून उभं राहायचं. रस्ता ओलांडताना माझा दंड असा पकडतात की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली असतात. घरातून निघालो की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत वर येणार, गॅस बंद केलाय का ते बघायला, आणि मी जिन्यात उभी राहून दातओठ खाणार. मी त्यांना वहिनी म्हणते, कारण आमचे हे म्हणतात.

कारखाना म्हणजे काय, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. उंच इमारतींच्या काचा पुसणारे, भिंती रंगवणारे, बाहेरून पाइप दुरुस्त करणारे लोक दोरीला लटकून काम करतात ना, त्यांच्या कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे आम्ही शिवतो. बाहेरच्या खोलीत दोघीजणी कॅनव्हासच्या पिशव्या शिवतात. आतल्या खोलीत मी पट्टे मापून कापायचे आणि वहिनींनी शिवायचे, हे ठरलेलं. त्या अठरा वर्षं शिवतायत. मी सहा वर्षं कापतेय आणि बोलतेय. बोलणं जरा जास्तच होतं, हे मला माहीत आहे.

वहिनींची शिवायची एक रीत होती. प्रत्येक जोडावर आधी चौकोन, मग आत फुली, मग पुन्हा चौकोनावरून एक फेरी. टाके मोजत शिवायच्या, ओठ हलायचे. शिवून झालं की दोऱ्याच्या टोकाला लायटर लावायच्या. नायलॉनचा दोरा पेटत नाही, तो वितळतो आणि टोकाला मोहरीएवढा कडक मणी होतो. त्या मण्यावरून अंगठा फिरवायच्या. तो बोटाला टोचला की पट्टा पक्का झाला म्हणून बाजूला ठेवायचा. आणि प्रत्येक खेपेतला एक पट्टा छताच्या कडीला अडकवून त्याला वाळूचं पोतं बांधायचं आणि स्टुलावरून खाली सोडायचं. पोतं सोडताना वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. रोज. मला हसू यायचं.

एकदा त्यांनी ही नोकरी सोडली होती. जीव नुसता टांगणीला लागतो म्हणाल्या, झोप लागत नाही. मालकांच्या मेव्हण्याचं पडद्यांचं दुकान होतं, तिथे बसल्या. पंखा डोक्यावर, काम सोपं, गिऱ्हाईक गोड बोलणारं. सगळे म्हणाले, सुटलीस बाई. तर एका महिन्यात परत आमच्या दारात हजर, हातात डबा घेऊन.

"काय हो, काय झालं?" मी विचारलं.

"पडदा उसवला तर काय होतं गं?" वहिनी म्हणाल्या. "ऊन आत येतं. एवढंच ना?"

आणि मशीनवरचं फडकं काढून बसल्या. डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होत्या, तेव्हा इतक्या खूश दिसल्या की मी कपाळाला हात लावला. भीतीनं अर्धमेलं व्हायचं आणि परत तिथंच येऊन सुखानं बसायचं, हे काय गौडबंगाल आहे ते मला काही केल्या कळत नव्हतं.

तर मग तो दिवस. खरं म्हणजे त्याच्या आदला दिवस.

वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, चष्म्याचा नंबर वाढला होता. त्या दुपारीच गेल्या. आणि त्या गेल्यावर मालक आत आले. सहा पट्टे उद्या सकाळी सातला हवेत म्हणाले, मुकादमाचा माणूस न्यायला येणार. हा मुकादम म्हणजे ज्याच्या टोळीत माझा धाकटा भाऊ काचा पुसतो तोच. मालक म्हणाले, "तू शिव की. इतकी वर्षं बघतेयस."

मला काय, मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. तीन पट्टे झाले आणि दोरा संपला. नायलॉनची रिळं वरच्या फळीवर असतात आणि पिशव्यांच्या सुती दोऱ्याची खालच्या. दोन्ही काळी, दोन्ही सारखीच दिसतात. स्टूल पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसानं बाहेरच्या खोलीत नेलं होतं. माझा हात वरच्या फळीला पुरत नाही. टेबलाच्या कोपऱ्यात एक काळं रीळ पडलेलं होतं, म्हटलं वहिनींनीच काढून ठेवलं असेल. नवीन रीळ लावताना वीतभर दोरा जाळून बघायचा, हा नियम. लायटर घेतला तर त्यातला गॅस संपलेला. नुसती ठिणगी. आता काडेपेटी आणायला कोण कोपऱ्यावर जाणार? मी दोरा ओवला आणि उरलेले तीन शिवले. टोकं जाळता येईनात म्हणून कात्रीनं अगदी जवळून कापली. पोतं उचलायला दुसरं माणूस लागतं आणि बाहेरच्या दोघी तोवर घरी गेलेल्या, म्हणून परत आलेल्या स्टुलावर चढून मी एक पट्टा कडीला अडकवला आणि स्वतःच लटकून पाहिलं. दोन झोके घेतले. धरलं की! मग सहाही पट्टे एकात एक गुंडाळून दाराशी ठेवले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा पट्टे गेलेले होते. वहिनी मशीनवर बसल्या, नव्या खेपेचा पहिला जोड शिवला, पर्समधून नवा लायटर काढला आणि टोकाला लावला.

दोरा पेटला. छान, देवघरातल्या वातीसारखा पेटला, आणि वहिनींनी फुंकर मारल्यावर राखाडी भुकटी होऊन मशीनवर पडला. कागद जळल्याचा वास आला.

वहिनींनी आणखी एक तुकडा जाळला. पुन्हा राख.

"हे रीळ कोणी लावलं?"

हातातली कात्री मी खाली ठेवली, तेवढं आठवतं.

"किती शिवलेस?"

"तीन," मी म्हटलं. "सहातले तीन. वहिनी, पण मी लटकून पाहिलं हो."

"लटकून काय होतंय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट इतका खाली गेला की मला ऐकायला पुढं वाकावं लागलं. "नुसतं वजन सुती दोरापण धरतो. हिसका बसला की जाईल."

मी मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. भावाला लावला, तोही वाजत राहिला. दोरीवर जाताना हे लोक फोन खाली पिशवीत ठेवून जातात, हे मला भावानंच सांगितलं होतं. मी तिथंच फरशीवर बसले. वहिनींनी मला दंडाला धरून उठवलं. ऑर्डरच्या पुस्तकातून मुकादमाच्या कामाचा पत्ता लिहून घेतला, पायांत चपला घातल्या त्यासुद्धा उलट्या, आणि आम्ही दोघी रस्त्यावर. मालक मागून ओरडत होते, काय झालं, काय झालं. सांगायला थांबलंय कोण!

रिक्षात मी रडत होते आणि देवाला नाही नाही ती वचनं देत होते. भावाचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, त्याचा पाय फळीवरून सटकतोय. रिक्षावाला सिग्नलला थांबला की मला त्याच्या मानगुटीला धरावंसं वाटायचं. वहिनी दांडा धरून बसल्या होत्या. दातांवर दात आपटत होते.

अर्ध्या वाटेत फोन वाजला. भाऊ!

"काय गं, एवढे फोन? झोपलो होतो. दाढ सुजलीय, आज गेलोच नाही कामावर."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी हसायलाच लागले. रडत रडत हसले. "वहिनी, तो घरी आहे हो! गेलाच नाही! घरी आहे!" आणि मागं टेकून बसले. खरंच सांगते, लपवत नाही, तेवढी दोनतीन मिनिटं मला वाटलं की सगळं संपलं, आता काय घाई आहे. मी रिक्षावाल्याला म्हटलंसुद्धा, दादा, सावकाश चालवा.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"मग त्याचा पट्टा आज कोणी घातलाय?" त्या म्हणाल्या.

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रस्त्याकडे तोंड केलं. लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती परत आली. ती आधीच्यापेक्षा वाईट होती, कारण आता डोळ्यांसमोर चेहराच नव्हता.

इमारत चौदा मजल्यांची. खालून पाहिलं तर पुढच्या काचेवर चारजण लटकलेले, एवढे एवढे दिसत होते. मी तोंड उघडलं, हाक मारायला, तर वहिनींनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"दचकतील," त्या म्हणाल्या. "दचकून वळले की हिसका बसेल."

दारावरचा पहारेकरी म्हणे वहीत नाव लिहा, कोणाकडे जायचंय, कशाला जायचंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, माणसं मरतील रे, तुझी वही घाल चुलीत!" असं मी म्हणाले आणि लिफ्टमध्ये घुसले. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी गुळगुळीत केसांचं माणूस फाइल घेऊन आत येत होतं. वहिनी डोळे मिटून उभ्या होत्या.

गच्चीवर मुकादम दोऱ्यांच्या गाठींपाशी उभा होता. वहिनींनी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. पट्टे आमच्याकडचेच, तीन पट्ट्यांचा दोरा चुकीचा, माणसं हळूच खाली सोडा. चूक माझी असं मी म्हणायला गेले, तर वहिनी म्हणाल्या, ते नंतर. मुकादमाचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस कामाचा, वाद घातला नाही. त्यानं एकेक दोरी दोनदा हलकेच ओढली. त्यांच्यात याचा अर्थ, खाली या. मग चौघं फळ्यांवर बसल्या बसल्या सरकत खाली जायला लागले. काय मंद गती ती! मी कठड्याला धरून वाकून पाहत होते. एकजण टेकला. दुसरा टेकला. तिसऱ्याची फळी एका खिडकीच्या कडेला अडकली, तो पायानं भिंतीला ढकलायला लागला, आणि मी पदर तोंडात कोंबला. सुटली. टेकला. चौथा टेकला.

"चारच?" वहिनी म्हणाल्या. "पट्टे सहा होते."

"एक माझ्या अंगावर आहे," मुकादम म्हणाला आणि आपल्या कमरेकडे बघून दोन पावलं कठड्यापासून मागे सरकला. "आणि एक पाइपवाल्याकडे. मागच्या भिंतीला. अकराव्या मजल्यावर."

आम्ही मागच्या बाजूला धावलो. खाली पाहिलं. एक माणूस पाइपाला दोन्ही पाय लावून, पाठ पूर्ण मागं टाकून, दोन्ही हातांनी पान्हा फिरवत होता. त्याच्या खाली फळी नव्हती. काही नव्हतं. सगळं वजन पट्ट्यावर. आणि पान्हा जोर करून फिरवला की सगळं अंग हिसका खात होतं. आणि गात होता मेला! मजेत गात होता!

मुकादम म्हणाला, याला फळी नाही, दोरी ओढून खूण केली तर हिसका थेट पट्ट्याला बसेल. हाक मारतो. वहिनी म्हणाल्या, नको. आणि जिन्याकडे वळल्या. भागूबाई, ज्यांना स्टूल धरायला दोन माणसं लागतात, त्या चार मजले पळत उतरल्या. मी मागं. अकराव्या मजल्यावर कुठल्याशा ऑफिसचं बाथरूम होतं, त्याची खिडकी त्या पाइपाला लागून. वहिनींनी खिडकी सावकाश उघडली. हाताच्या अंतरावर तो माणूस. मला त्याच्या कमरेचा पट्टा दिसला. जोडापाशी दोऱ्याचं टोक कात्रीनं जवळून कापलेलं. मणी नव्हता. चौकोनाचा एक कोपरा उसवून दोरा बाहेर आला होता, बोटभर.

"दादा," वहिनी म्हणाल्या. जेवायला वाढताना बोलतात ना, त्या आवाजात. "जरा आत या. चहा आलाय."

त्यानं मान वळवली. "कोण? हे एवढं आटपतो आणि येतो मावशी."

"गार होईल हो. पाइप कुठं पळतोय?"

"दोनच मिनिटं."

"दादा, माझं ऐका. पान्हा पिशवीत ठेवा. एक हात पाइपाला, एक हात मला द्या." त्यांनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. मी मागून त्यांची कंबर मिठीत धरली. त्यांचं काळीज माझ्या दंडावर धडधडत होतं. खाली पाहू नका, पाहू नका, असं मी मनात म्हणत होते, आणि त्यांनी पाहिलंही नाही. त्या त्याच्याचकडे बघत होत्या. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, गाणं थांबलं. पान्हा पिशवीत गेला. एक हात आला. वहिनींनी तो मनगटाला दोन्ही हातांनी धरला, मग दंडाला, मग सदऱ्याच्या गळपट्टीला. त्यानं एक पाय खिडकीत टाकला, मग दुसरा.

त्याचे दोन्ही पाय फरशीला लागले आणि वहिनी मटकन खाली बसल्या. बाथरूमच्या ओल्या फरशीवर. हुंदके देऊन रडायला लागल्या. तो बिचारा उभा राहून इकडे तिकडे बघत म्हणाला, "चहा कुठाय?"

कारखान्यात परत येऊन आम्ही तो पट्टा कडीला अडकवला. मालक समोर उभे होते. मी म्हटलं पोतं मीच सोडणार. सोडलं. टर्र असा आवाज झाला आणि पोतं फरशीवर आदळून फुटलं. वाळू मशीनखालपर्यंत गेली. मी बाहेर जाऊन ओकले.

मालक म्हणाले, झालं ते झालं, बाहेर कोणाला बोलू नका, मुकादमाला मी समजावतो. वहिनी म्हणाल्या, "सगळ्या टोळीला मी सांगून आलेय." मालक दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. नाही तर नाही.

मी घरी सांगून टाकलं, आता मी जात नाही. माझे हात मशीनला लागत नव्हते. कात्री धरली की घाम फुटायचा. आठवडाभर मी घरात बसले, भांडी घासली, कपाटं आवरली आणि छताकडे बघत बसले. वहिनी रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसायच्या, कामाचा चकार शब्द काढायच्या नाहीत. शेवटी मीच विचारलं.

"वहिनी, तुम्हाला इतकी वर्षं ही अशीच भीती वाटते? ही अशी?"

"हो गं."

"रोज?"

"रोज. प्रत्येक पट्ट्याला." त्यांनी अंगठ्यावरून बोट फिरवलं. "मग मणी बोटाला लागला की तेवढ्यापुरती जाते. तेवढं फार बरं वाटतं बघ. पडद्याच्या दुकानात ते नव्हतं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. आता आम्ही दोघी शिवतो. मी बोलत नाही, टाके मोजते. आमचे हे म्हणतात, घरातलं रेडिओ स्टेशन बंद पडलं. मी लायटर दोन ठेवते. मण्यावरून अंगठा फिरवते, मग वहिनींना फिरवायला देते, मग पुन्हा मी. आणि तो टोचला की खरंच, छातीवरून कोणीतरी हात उचलावा तसं होतं. पुढच्या पट्ट्यापर्यंत.

परवा भाऊ आला, टोळीचे पट्टे न्यायला. दाढ काढलेली, तब्येत मजेत. आठ पट्टे टेबलावर पडले होते. इकडे तिकडे बघून माझ्या कानाशी आला, म्हणाला, "ताई, यातला जरा भक्कम शिवलेला कुठला? तो मला काढून दे की."

मी आठही पट्टे उचलून त्याच्या छातीवर टाकले.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुझा कुठला, ते मला माहीत नाही. आणि कुठला घातलास, ते मला सांगायचंही नाही."

तो हसला, वेडी आहेस म्हणाला, आणि पट्टे खांद्यावर टाकून गेला. मी दारात जाऊन तो कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. मग आत येऊन नववा पट्टा घेतला.